एका अंड्याचा हिशेब : पॅनकेक कासवांचा प्रजनन-गट

केनिया आणि टांझानियाच्या कोरड्या झुडपी माळांवर जागोजाग खडकांचे उंचवटे आहेत. त्यांच्या भेगांत राहणारे पॅनकेक कासव धिरड्यासारखे चपटे असते. पूर्ण वाढ झाली तरी लांबी सतरा-अठरा सेंटिमीटर आणि जाडी जेमतेम चार. पाठीच्या हाडांत मोठ्या फटी असल्यामुळे कवच दाबले तर लवते. धोका दिसला की इतर कासवे अंग कवचात ओढून घेतात. हे मात्र पळते, खडक चढते आणि भेगेत शिरून पाय घट्ट रोवते. ते अंग फुगवून अडकून बसते असे पूर्वी मानले जाई. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले की ही सगळी पकड पायांची असते.

भेगेतले कासव हाती लागत नाही, म्हणून पकडणारे पहारीने खडकच उचकटतात. कासव जाते आणि भेगही कायमची मोडते. नवी भेग तयार व्हायला कित्येक पिढ्या पुरत नाहीत. २०१९ साली ही जात अतिसंकटग्रस्त ठरली आणि त्याच वर्षी वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेली, म्हणजे रानातून पकडलेल्या कासवांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला. युरोप-अमेरिकेत मात्र काही हौशी पाळणारे बंदिस्त अवस्थेत जन्मलेल्या कासवांचे गट घरी सांभाळतात. असा गट कसा उभा राहतो, ते पाहू.

सुरुवात कागदांपासून होते. युरोपीय संघात या जातीच्या खरेदी-विक्रीसाठी प्रमाणपत्र लागते आणि प्राण्यावर कायमची खूण, बहुधा मायक्रोचिप, असावी लागते. त्या कागदातून पिल्लू कुठे जन्मले आणि त्याचे आई-बाप कोण हेही शोधता येते, आणि प्रजनन करणाऱ्याला नेमके तेच हवे असते. एकाच घरातून चार पिल्ले घेतली तर ती बहुधा भावंडे निघतात आणि गटाचा पाया पहिल्याच दिवशी कच्चा राहतो. म्हणून दोन-तीन वेगळ्या वंशांची पिल्ले वेगवेगळ्या ठिकाणांहून घ्यावीत. युरोपियन स्टडबुक फाउंडेशनसारख्या संस्था सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वंशावळी ठेवतात. त्यांच्याकडे विचारपूस करण्यात गेलेला वेळ फुकट जात नाही.

प्रौढ जोडी घ्यावी की पिल्ले? माझे मत पिल्लांच्या बाजूने आहे. विक्रीला आलेल्या प्रौढ कासवाचा पूर्वेतिहास पुष्कळदा अंधारात असतो. कधी ती मादी अंडी देत नाही म्हणूनच विकायला काढलेली असते. पिल्ले घेतली तर ती वयात यायला पाच-सात वर्षे सहज लागतात, पण त्यांनी काय खाल्ले आणि कोणता आजार काढला ते सारे आपल्याला ठाऊक असते. लहानपणी नर-मादी ओळखता येत नाहीत. तीन-चार वर्षांनी नराची शेपटी लांब आणि जाड दिसू लागते. म्हणून सहा पिल्ले घेऊन वाढवावीत आणि नर-मादी कळल्यावर एक नर व दोन-तीन माद्या असा गट ठेवावा. जास्तीचे नर वेगळे करायचे किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याशी बदलायचे. रानात एका भेगेत अनेक कासवे सापडतात, म्हणून घरीही सगळी गुण्यागोविंदाने नांदतील असे धरून चालू नये. वीण जवळ आली की नर एकमेकांना चावतात. एका नराबरोबर एकच मादी असेल तर तो तिला खाऊपिऊ देत नाही.

नवे कासव जुन्यांत लगेच सोडायचे नाही. निदान तीन महिने, जमल्यास सहा, वेगळ्या खोलीत आणि वेगळ्या भांड्यांत ठेवायचे. या काळात विष्ठेची तपासणी करून जंत पाहायचे आणि हर्पिस विषाणू व मायकोप्लाझ्मा यांच्या चाचण्या करून घ्यायच्या. वरून ठणठणीत दिसणारे कासव हे दोन्ही आजार बाळगून असू शकते. जंतांवरचे औषध स्वतःच्या मनाने देऊ नये. कुत्र्या-गुरांना सर्रास दिले जाणारे आयव्हरमेक्टिन कासवांना जीवघेणे ठरते.

घर बांधताना रानातली भेग डोळ्यांपुढे ठेवावी. चौघांसाठी अडीच मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद जागा बरी. त्यात चपट्या फरशांचे थर रचून पाच-सहा सेंटिमीटर उंचीच्या फटी ठेवायच्या, आणि कासवांपेक्षा फटी जास्त हव्यात, म्हणजे दुबळी मादी कोपऱ्यात कोंडली जात नाही. फरशा सिमेंटने पक्क्या जोडाव्यात. ही कासवे त्यांवर चढतात आणि सैल फरशी कोसळली तर खालचे कासव मरते. दिव्याखाली पस्तीस अंश, इतरत्र सव्वीस-सत्तावीस, रात्री वीसच्या आसपास तापमान असावे. अतिनील किरणांचा दिवा हवाच, त्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही. खाणे मुख्यतः गवत, रानपाला आणि निवडुंगाची पाने. फळे क्वचितच द्यावीत.

सगळे जुळून आले की मादी ओलसर माती-वाळूत खड्डा खणते आणि एक अंडे घालते. बहुधा एकच, दोन म्हणजे अपवाद. बंदिस्त अवस्थेत काही आठवड्यांच्या अंतराने ती वर्षातून अनेकदा अंडे देऊ शकते, पण प्रत्येक वेळी एकेकच. त्यातली काही निर्जीव निघतात. म्हणजे तीन माद्यांचा गटही वर्षाला मोजकीच पिल्ले देतो. या जातीत घाईला जागा नाही आणि नफ्यालाही. हे ज्याला पटत नाही त्याने हा नाद करू नये.

मादी अंडे पुरून खड्डा इतका सारखा करते की नजरेला काही कळत नाही. म्हणून माद्यांचे नियमित वजन करतात. वजन एकाएकी उतरले की माती हलक्या हाताने उकरायची. अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करून ते तसेच, न फिरवता, उबवणी यंत्रात ठेवायचे. आतला गर्भ वरच्या कवचाला चिकटून वाढतो. अंडे उलटले तर तो दगावू शकतो. तीस अंशांच्या आसपास ठेवले तर पिल्लू साधारण चार ते सहा महिन्यांनी बाहेर येते. काही अंड्यांची वाढ मध्येच थांबते. रानात कोरडा काळ निभावून नेण्याची ही सोय आहे. तिला अनुसरून काही जण सुरुवातीचे चार-सहा आठवडे अंडे वीस अंशांच्या थंडाव्यात ठेवतात आणि मग उबेत नेतात. महिनोन्महिने हालचाल दिसली नाही तरी अंडे टाकून देऊ नये. फुटून वास येईपर्यंत थांबावे.

नवे पिल्लू चार-पाच सेंटिमीटरचे आणि थोडे घुमटाकार असते, वाढता वाढता ते चपटे होते. पहिले वर्ष त्याला कोरडे ठेवण्याची चूक होते, कारण ही कोरड्या मुलखातली जात. पण रानात भेगेतली हवा बाहेरच्यापेक्षा दमट असते. व्हिएन्नाच्या संशोधकांनी २००३ साली दुसऱ्या एका आफ्रिकन जातीच्या पिल्लांवर दाखवले की कवचावर उंचवटे येण्यामागे खाण्यातल्या प्रथिनांपेक्षा हवेचा कोरडेपणा अधिक कारणीभूत असतो. म्हणून पिल्लांना ओलसर शेवाळाची एक फट आणि रोज उथळ पाणी द्यावे. प्रत्येकाचा जन्म आणि आई-बाप वहीत नोंदवावेत. ही पिल्ले आफ्रिकेत नेऊन सोडायची नसतात. घरातले आजार रानात पोचण्याचा धोका असतो. ज्याला पाळायचेच आहे त्याला रानातले कासव घ्यावे लागू नये, एवढेच या गटाचे काम.

भारतात अशी कासवे पाळण्याचे नियम आणखी कडक आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्यात साइट्सच्या यादीतील परदेशी प्राण्यांची नोंदणी सक्तीची झाली, आणि पहिल्या परिशिष्टातील जातींच्या प्रजननासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. आपले तारा कासव तर याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते घरी ठेवणेच गुन्हा आहे. त्यामुळे जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या वाचकांनी हौस करायची असेल तर कागदासह करावी. महाराष्ट्रात कुणी डब्यात घालून कासव विकताना दिसला तर दया येऊनही ते विकत घेऊ नका, कारण त्या पैशातून पुढचे कासव पकडले जाते. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.