ड्रॉवरखालचे छुपे चॅनेल : निवडताना आणि बसविताना

किचन, वॉर्डरोब किंवा ऑफिस फर्निचरचे काम पूर्ण झाले की गिऱ्हाईक प्रथम ड्रॉवर ओढून पाहतो. ड्रॉवर हलका सरकला, पूर्ण बाहेर आला आणि शेवटी आवाज न करता आपोआप मिटला, तर मिस्त्री चांगला. अडखळला किंवा खडखडला, तर बाकीचे काम कितीही सफाईदार असो, नाव खराब होते. हा निवाडा थोडा अन्यायाचा आहे, पण बाजारात तोच चालतो.

म्हणूनच बाजूला दिसणाऱ्या टेलिस्कोपिक चॅनेलऐवजी ड्रॉवरच्या तळाखाली लपणारे अंडरमाउंट चॅनेल मागितले जाते. जोगेश्वरीच्या ओशिवरा फर्निचर बाजारात काम करणारा असो की तालुक्याच्या गावचा सुतार, ही मागणी आज ना उद्या त्याच्यापुढे येतेच. आपल्या समाजातील पुष्कळ कारागीर उस्तादाच्या हाताखाली शिकून या धंद्यात उतरले. त्यांच्या हातात कसब आहे. परंतु हे चॅनेल कसबापेक्षा मापाला अधिक मानते. काम ठोक मजुरीवर घेतलेले असेल आणि सहा ड्रॉवरचे डबे चुकले, तर प्लाय, मायका आणि दोन-तीन दिवसांची मजुरी कारागिराच्याच खिशातून जाते. ते टळावे म्हणून येथे आम्ही मापाचा हिशोब सविस्तर देत आहोत.

फरक कोठे आहे?

टेलिस्कोपिक चॅनेल डब्याच्या बाहेरच्या अंगाला लागते. म्हणून कपाटाच्या आतल्या रुंदीतून दोन्ही बाजूंचे मिळून २६ मि.मी., म्हणजे जवळपास एक इंच वजा केला की डब्याची बाहेरची रुंदी मिळते. डबा एखादे सूत लहान झाला तरी बारीक पट्टी घालून वेळ मारून नेता येते.

अंडरमाउंट चॅनेलमध्ये हिशोब उलटा आहे. चॅनेल कपाटाच्या भिंतीला लागते, डबा त्याच्यावर बसतो आणि डब्याच्या बाजूच्या पाट्या चॅनेलच्या बाहेरून खाली उतरतात. त्यामुळे येथे डब्याची आतली रुंदी महत्त्वाची असते. पाटी जाड घेतली तर ती बाहेरच्या बाजूला वाढते. आतले माप बदलत नाही. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर निम्म्या चुका होणारच नाहीत.

निवड कशी करावी?

पहिली गोष्ट लांबी. ही चॅनेले साधारणपणे ५०-५० मि.मी.च्या टप्प्याने मिळतात : ३००, ३५०, ४००, ४५०, ५००, ५५०. कपाटाची आतली खोली मोजावी आणि तीत सहज मावेल असे चॅनेल घ्यावे. मागे पाण्याचा पाइप किंवा विजेचा बोर्ड असेल तर तेवढी जागा आधी सोडावी.

दुसरी गोष्ट उघडण्याची. काही चॅनेले पूर्ण उघडतात, तर काहींमध्ये ड्रॉवरचा मागचा भाग कपाटातच राहतो. स्वयंपाकघरात पूर्ण उघडणारेच घ्यावे, नाहीतर मागची भांडी काढताना घरच्या बायकांना रोज त्रास होतो. सॉफ्ट क्लोज हवे की हँडलशिवाय दाबून उघडणारे हवे, हेही आधीच विचारावे. दोन्ही सोयी प्रत्येक चॅनेलमध्ये एकत्र नसतात.

तिसरी गोष्ट वजन. खोक्यावर ३० किलो, ४० किलो असे आकडे असतात. डबा आणि फेशिया यांचे स्वतःचे वजनही त्यात धरावे. चमचे, कपडे, कागद यांना हलके चॅनेल पुरते. कुकर, पातेली, धान्याचे डबे यांना जड प्रतीचेच लावावे. ड्रॉवर ९०० मि.मी.च्या आसपास रुंद असेल तर दोन्ही बाजू एकत्र चालवणारा स्टॅबिलायझर मिळतो का, ते दुकानात विचारावे.

चौथी गोष्ट पाटीची जाडी. नेहमीची चॅनेले १६ मि.मी.पर्यंतच्या पाटीसाठी असतात. मायका धरून जाडी मोजावी. १६ च्या प्लायला दोन्ही अंगांनी १ मि.मी.चा मायका चढला की १८ होते आणि डबा कपाटाला घासू लागतो. १२ मि.मी.चा चांगला प्लाय बहुतेक कामांना सोयीचा पडतो.

मापाचा हिशोब

ऑस्ट्रियाच्या ब्लुम कंपनीच्या टँडम चॅनेलचे आकडे आम्ही उदाहरणासाठी घेत आहोत. इतर अनेक कंपन्यांचे आकडे याच्या जवळपास असतात, पण एक-दोन मि.मी.चा फरक पडू शकतो. म्हणून खोक्यातला मापाचा कागद वाचल्याशिवाय करवत लावू नये.

१६ मि.मी.पर्यंतच्या पाटीसाठी नियम असा : कपाटाच्या आतल्या रुंदीतून ४२ मि.मी. वजा केले की डब्याची आतली रुंदी मिळते. १९ मि.मी.पर्यंतच्या जाड पाटीचे चॅनेल वेगळे येते. त्यात ४९ वजा करावे लागतात.

समजा, कपाट बाहेरून ६०० मि.मी. आहे आणि बाजू १८ मि.मी.च्या प्लायच्या आहेत. आतली रुंदी ५६४ झाली. आतून दोन्ही बाजूंना ०.८ मि.मी.चा लायनर मायका लागला की ती साधारण ५६२ उरते. मोजायचे ते हेच ५६२. त्यातून ४२ गेले, डब्याची आतली तयार रुंदी ५२० आली. आता कोणी जुन्या सवयीने ५६२ मधून २६ वजा करून बाहेरून ५३६ चा डबा केला, तर १२ च्या पाट्यांमध्ये आतली रुंदी ५१२ उरते. म्हणजे डबा ८ मि.मी. अरुंद झाला. तो चॅनेलवर बसणारच नाही, आणि रंधा मारूनही दुरुस्त होणार नाही.

डब्याची लांबी चॅनेलपेक्षा १० मि.मी. कमी असते : ५०० च्या चॅनेलला ४९० चा डबा. ही लांबी फेशिया सोडून मोजावी.

तळाची पाटी खालून खिळे मारून लावण्याची पद्धत येथे चालत नाही. बाजूच्या पाटीच्या खालच्या कडेपासून तळाच्या खालच्या अंगापर्यंत १३ मि.मी., म्हणजे सुमारे चार सूत जागा मोकळी हवी. चॅनेल त्याच जागेत लपते. म्हणून पाट्यांना आतून खाच मारून तळ त्या खाचेत बसवावा.

मागच्या पाटीला दोन्ही खालच्या कोपऱ्यांत किमान ३५ मि.मी. रुंद कटिंग द्यावे किंवा ती पाटी तळावर उभी करावी, म्हणजे चॅनेलला वाट मिळते. त्याच पाटीत चॅनेलचा मागचा हुक शिरण्यासाठी ६ मि.मी.चे भोक असते. त्याची जागा डोळ्याच्या अंदाजाने ठरवू नये. मापाच्या कागदावरून जाड पत्र्याचा किंवा प्लायचा फर्मा एकदाच करून ठेवावा.

येथे सूत-इंचाची टेप बाजूला ठेवावी आणि मि.मी.ची वापरावी. १३, ३७ आणि ४२ हे आकडे सुतात नीट उतरत नाहीत.

बसविण्याचा क्रम

१. आधी कपाट आणि डबा गुण्यात आहेत का ते पाहावे. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची दोन्ही तिरकी मापे सारखी आली पाहिजेत. कपाटाची रुंदी पुढे आणि मागे दोन्हीकडे मोजावी.

२. चॅनेल डावे आणि उजवे वेगळे असते. कपाटाच्या दोन्ही भिंतींवर एकाच उंचीची रेघ मारावी. फेशिया कपाटावर बाहेरून बसणारा असेल तर पहिला स्क्रू पुढच्या कडेपासून ३७ मि.मी.वर येतो. फेशिया कपाटाच्या आत बसणारा असेल तर फेशियाच्या जाडीइतके चॅनेल आणखी मागे न्यावे.

३. आधी पुढचा आणि मागचा एक-एक स्क्रू लावून पाणसळ पाहावी, मग बाकीचे स्क्रू पिळावेत. १८ च्या प्लायला १६ मि.मी. लांबीचा स्क्रू पुरतो. त्याचे डोके वर राहिले तर चॅनेल त्यावर अडते.

४. डब्याच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांखाली लॉकिंग क्लिप बसवाव्यात. चॅनेल ओढून डबा वर ठेवावा आणि आत ढकलावा. मागचे हुक भोकात गेले आणि क्लिपचा दोन्हीकडून खट् असा आवाज आला, म्हणजे डबा बसला. आवाज एकाच बाजूने आला तर डबा काढून पुन्हा पाहावे, जोर लावू नये.

५. फेशियाच्या फटी सर्वांत शेवटी क्लिपवरच्या चाकाने सारख्या कराव्यात. ही सोय एक-दोन मि.मी.साठी असते. चुकलेले माप तिने झाकले जात नाही.

चॅनेल लावण्यापूर्वी घासकाम आणि पॉलिश उरकून घ्यावे. प्लायचा भुसा आणि पॉलिशपेपरची धूळ आत गेली की नवे चॅनेलही कुरकुरते. वरून तेल सोडू नये. त्याला धूळ चिकटते आणि आतले ग्रीस खराब होते.

झाकलेला माल आणि आपली जबाबदारी

हे चॅनेल गिऱ्हाइकाला दिसत नाही. हलक्या प्रतीचा माल लावून चांगल्या कंपनीचे पैसे घेतले तर सुरुवातीला कोणालाच कळत नाही. वर्ष-दोन वर्षांत ड्रॉवर वाकला की कळते. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओल लागली. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. ड्रॉवरखालचा भाग म्हणजे त्या ढिगाचा आतला भागच होय.

तेव्हा कंपनीचे नाव, लांबी आणि वजनाची प्रत कोटेशनमध्ये लिहून द्यावी. बिल गिऱ्हाइकाच्या नावावर घ्यावे आणि मापाचा कागद त्याच्या हवाली करावा, म्हणजे वॉरंटीच्या वेळी वाद होत नाही. दुकानदाराकडून कमिशन मिळत असेल तर ते गिऱ्हाइकाला सांगावे किंवा मजुरीच मोकळेपणाने तेवढी मागावी. ज्याचे डबे टेलिस्कोपिक चॅनेलचे आहेत आणि चांगले चालतात, त्याला डबे नव्याने करावे लागतील हे आधी स्पष्ट सांगावे. बजेट कमी असेल तर चांगल्या प्रतीचे टेलिस्कोपिक चॅनेल सुचवावे. हलक्या अंडरमाउंटपेक्षा ते अधिक टिकते.

नवख्या कारागिराने पहिला ठेका घेण्यापूर्वी एक जोडी विकत आणून आपल्याच दुकानात उरलेल्या प्लायचा एक डबा करून पाहावा. तो नीट चालला की त्याचीच मापे भिंतीवर लिहून ठेवावीत. एका डब्याच्या खर्चात पुढचे सहा वाचतील आणि गिऱ्हाइकाचा विश्वास मिळेल, तो वेगळाच.