हातांवाचून हॅम रेडिओ

हौशी रेडिओवर, म्हणजेच हॅम रेडिओवर, पलीकडच्या माणसाला ऐकू येतो तो केवळ आवाज किंवा मोर्सचा नाद. बोलणारी व्यक्ती चाकांच्या खुर्चीत बसली आहे की तिला दिसत नाही, हे तिने सांगितल्याखेरीज कळत नाही. संवादातील या समानतेमुळे अपंगत्व असलेल्यांना हा छंद पूर्वीपासून जवळचा वाटत आला आहे. ब्रिटनमध्ये अंध व अपंग हॅमसाठी ‘आरएआयबीसी’ ही संस्था १९५४ मध्ये, तर अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात ‘हँडिहॅम’ हा उपक्रम १९६७ मध्ये सुरू झाला. त्यांची अडचण बहुतेक वेळा कौशल्याची नसून यंत्रावरील बटणांची असते, आणि बटणे बदलता येतात.

बोलण्याचा खटका

बोलताना माइकवरील ‘पुश टू टॉक’, अर्थात पीटीटी, हे बटण दाबून धरावे लागते. पक्षाघात, संधिवात किंवा कंपवात असलेल्यांना तेच कठीण जाते. परंतु बहुतेक टेबलावरील संचांत पीटीटी म्हणजे दोन तारा जोडणारा साधा खटका असतो. त्या तारा पायाखालच्या पेडलपर्यंत किंवा खुर्चीच्या डोके टेकण्याच्या उशीला बसवलेल्या बटणापर्यंत नेता येतात. दाबून धरणे जमत नसल्यास एकदा दाबून सुरू आणि पुन्हा दाबून बंद होणारा खटका वापरतात. हातात धरायच्या संचांत मात्र जोडणी वेगळी असू शकते. त्यासाठी माहितीपुस्तिका पाहणे आवश्यक ठरते.

दुसरा मार्ग ‘व्हॉक्स’चा. यात माइकला आवाज मिळताच प्रक्षेपण आपोआप सुरू होते. आवाज किती मोठा हवा, बोलणे थांबल्यावर किती वेळाने प्रक्षेपण बंद व्हावे आणि स्पीकरच्या आवाजाने ते सुरू होऊ नये, या तिन्ही गोष्टी नीट जुळवाव्या लागतात. पंख्याचा किंवा दूरचित्रवाणीचा आवाजही प्रक्षेपण सुरू करू शकतो. म्हणून डोक्यावर बसणारा हेडसेट, अँटेनाऐवजी ‘डमी लोड’ लावून घेतलेली चाचणी आणि ठरावीक वेळेनंतर प्रक्षेपण तोडणारा ‘टाइमआउट टायमर’ यांना महत्त्व आहे.

मोर्स: श्वासाने आणि स्पर्शाने

ज्यांना बोलणेही कठीण आहे, त्यांना तारायंत्राची जुनी लिपी उपयोगी पडते. नळीत फुंकर मारली की बिंदू आणि हवा ओढली की रेघ, अशी रचना करता येते. बिंदू व रेघांची लांबी इलेक्ट्रॉनिक कीअर सांभाळतो. दृष्टी आणि श्रवण दोन्ही नसलेल्या काही हॅमनी स्पीकरच्या पडद्यावर बोटे ठेवून त्याच्या कंपनांतून मोर्स वाचला आहे.

दिसणे आणि ऐकू येणे

जुन्या संचांची गोल बटणे बोटांनी ओळखता येत. स्पर्शपडद्याने अंध व्यक्तींची ही सोय कमी केली. त्यावर उपाय म्हणजे बोलणारा संच. आयकॉमच्या आयसी-७३०० मध्ये वारंवारता बोलून सांगण्याची सोय मूळचीच आहे. केनवूडच्या टीएस-५९० मध्ये त्यासाठी स्वतंत्र जोडभाग बसवावा लागतो. संच संगणकाला जोडल्यास ‘एनव्हीडीए’सारखा मोफत स्क्रीनरीडरही मदत करतो, मात्र निवडलेले सॉफ्टवेअर त्याच्याशी जुळणारे हवे.

कमी ऐकू येणाऱ्यांसाठी पडद्यावर अक्षरे उमटवणाऱ्या पद्धती आहेत. २०१७ मध्ये आलेली ‘एफटी८’ क्षीण संकेतही टिपते, पण तिचे संदेश ठरावीक साच्याचे असतात. मनमोकळ्या लेखी गप्पांसाठी ‘पीएसके३१’ अधिक सोयीची आहे.

परवाना

अमेरिकेत २००७ पासून कोणत्याही वर्गाच्या परवान्यासाठी मोर्सची परीक्षा नाही. पहिल्या, म्हणजे ‘टेक्निशियन’ वर्गासाठी ३५ पैकी २६ उत्तरे बरोबर यावी लागतात. शारीरिक अपंगत्वामुळे वेगळी परीक्षापद्धत आवश्यक असेल, तर ती उपलब्ध करून देणे परीक्षकांवर बंधनकारक आहे. परवान्यासाठी अमेरिकी नागरिकत्वाची अट नाही. तेथे टपाल पोहोचेल असा पत्ता मात्र हवा.

संच विकत घेण्यापूर्वी बोट, पाऊल, मान, श्वास की आवाज, यांपैकी कोणती हालचाल न दमता पुन्हा पुन्हा करता येते, हे पाहावे. त्यानुसार खटका आणि खटक्यानुसार संच निवडावा. हा क्रम उलटला, तर महागडे यंत्रही कपाटात पडून राहते.