फ्रीज आणि आपले अन्न

आता खेड्यातही फ्रीज आला. आपण म्हणतो, फ्रीजमध्ये ठेवले, काळजी मिटली! तसे नाही. थंडीने जंतू मरत नाहीत. त्यांची वाढ मंदावते. म्हणून आतले तापमान 5 अंशांच्या वर जाऊ देऊ नये. उरलेली आमटी, भात 2 तासांच्या आत झाकून ठेवावा. कच्चे मटण खालच्या कप्प्यात ठेवावे. नाहीतर त्याचे पाणी इतर अन्नावर गळते.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगली भागात वीज गेली. वीज नाही, तर फ्रीज म्हणजे नुसते कपाट! दार उघडले नाही, तर सुमारे 4 तास गारवा टिकतो. पुढे दूध, मटण, शिजवलेले अन्न टाकून द्यावे. वास आला नाही तरी टाकावे. जंतूंनी केलेले काही विष उकळूनही जात नाही. अन्न टाकताना जीव हळहळतो. पण वाटीभर आमटी पोराबाळांच्या जिवापेक्षा मोठी नाही.