शेवटची ओळ दोनदा का उमटते?

डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी बेल प्रयोगशाळेत घडविलेल्या सी भाषेत फाइल वाचणारा प्रोग्रॅम लिहिताना नवशिक्यांकडून एक दोष हमखास राहतो, तो म्हणजे फाइलमधील शेवटची ओळ पडद्यावर दोनदा उमटणे. याचे मूळ 'एफईओएफ' या फंक्शनविषयीच्या गैरसमजात असते. पुढे वाचण्यासारखे काही उरले आहे काय, हे ते सांगत नाही. आधीचा वाचनाचा प्रयत्न फाइलच्या अंतापाशी अडला होता काय, एवढेच सांगते. त्यामुळे त्याच्या भरवशावर लूप चालविला, तर शेवटची ओळ वाचून झाल्यावरही आणखी एक फेरी होते, तीत वाचन निष्फळ ठरते आणि बफरमध्ये, म्हणजे मजकूर तात्पुरता ठेवण्याच्या जागेत, राहिलेली जुनीच ओळ पुन्हा छापली जाते. वाचणाऱ्या फंक्शनकडून परत येणारे मूल्य हीच लूपची अट करणे, हा यावरचा खरा उपाय होय. 'एफगेट्स'ला ओळ मिळाली नाही, की ते नल, म्हणजे कोठेही निर्देश न करणारा पॉइंटर, परत देते.

एकेक अक्षर वाचणाऱ्या 'एफगेटसी'बाबतचा दोष अधिक फसवा आहे. त्याचे उत्तर 'इंट' या पूर्णांक प्रकारात येते, कारण बाइटच्या २५६ संभाव्य मूल्यांखेरीज अंताची खूण म्हणून एक ऋण संख्याही त्याला कळवावी लागते. हे उत्तर 'कॅर' या अक्षरप्रकारात साठविले, तर काही यंत्रणांवर २५५ मूल्याचा बाइट येताच वाचन अर्ध्यावर थांबते, तर काहींवर ते कधीच थांबत नाही.