धान्यातला किडा ओळखा

आपण वर्षभर राबतो. पीक घरात येते. कणगी भरते. घरची माणसे निश्चिंत होतात. पण चार महिन्यांनी कणगीत हात घालावा, तर हाताला पीठ लागते. दाणे पोकळ झालेले असतात. मग आपण कपाळाला हात लावतो आणि म्हणतो, "धान्याला कीड लागली."

कीड लागली खरी. पण कोणती? हे फार थोडे लोक बघतात. चोर कोणत्या वाटेने आला हे कळले, तरच ती वाट बंद करता येते. किड्याचेही तसेच आहे. म्हणून आज आपण धान्यातले पाच किडे ओळखायला शिकू.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. अंड्यातून अळी निघते. अळीचा कोष होतो. कोषातून पुरा वाढलेला किडा बाहेर येतो. अळी बहुधा दाण्यात लपलेली असते. म्हणून ओळख पटते ती वाढलेल्या किड्यावरून. त्याच्या अंगाचे तीन भाग असतात : डोके, छाती आणि पोट. छातीला सहा पाय असतात. डोक्याला दोन मिशा असतात. पाठीवर जे टणक कवच दिसते, ते त्याचे पुढचे पंख होत.

आता ओंजळभर धान्य चाळा. चाळणीखाली पांढरे फडके किंवा पांढरे ताट ठेवा. उजेडात बसा. भिंग असले तर उत्तम. नसले तरी अडत नाही.

सोंडकिडा. हा तिळाएवढा असतो. रंग तांबूस काळा. डोके पुढे निमुळते होऊन त्याची सोंड झालेली असते. पाठीवर चार फिकट ठिपके असतात. बोट लावले की पाय आखडून मेल्याचे सोंग घेतो. ज्वारी, गहू, तांदूळ, मका यांत हा सापडतो. मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते. आत अंडे घालते आणि भोक बुजवून टाकते. वरून दाणा चांगला दिसतो, पण आत अळी खात असते. म्हणून नुसते चाळून हा किडा जात नाही. मूठभर दाणे पाण्यात टाकून बघा. पोकळ दाणे वर तरंगतील.

पोखरणारा भुंगेरा. हाही तिळाएवढाच, पण अंग नळीसारखे गोल. वरून पाहिले तर डोके दिसतच नाही. ते छातीखाली वाकलेले असते. सोंड नाही. अळीही खाते आणि भुंगेराही खातो. खातो त्याहून जास्त नासतो. धान्यात फार पीठ पडले असेल, तर याचा संशय घ्यावा.

कडधान्यातला भुंगेरा. तूर, मूग, चवळी, हरभरा यांत हा असतो. रंग तपकिरी. अंग आखूड आणि रुंद. पंख तोकडे, त्यामुळे पोटाचे टोक उघडे दिसते. दाण्यावर पांढरे ठिपके चिकटलेले दिसतात, ती त्याची अंडी. दाण्याला वाटोळे भोक दिसले, की आतला भुंगेरा बाहेर पडला असे समजावे. हा पाहुणा पुष्कळदा शेतातूनच शेंगेबरोबर घरी येतो.

तांबडा भुंगेरा. हा चपटा, लांबट आणि तांबूस असतो. सोंड नाही. पीठ, रवा आणि फुटके दाणे हे त्याचे खाणे. अख्खा दाणा त्याला सहसा फोडता येत नाही. धान्यात हा फार झाला, तर दुसऱ्या कुणीतरी दाणे आधीच फोडले आहेत असे समजा. पिठाला उग्र वास येऊ लागला, तर ते पीठ खाऊ नये.

खपरा. हा लहान, अंडाकृती, तपकिरी. अंगावर बारीक लव असते. वाढलेला खपरा उडत नाही आणि धान्यही खात नाही. खाते ती त्याची केसाळ अळी. ही अळी भिंतीच्या फटीत आणि जुन्या पोत्याच्या शिवणीत दडते. अन्नावाचून ती वर्षाहून अधिक काळ जगू शकते. १९५३ साली हा किडा अमेरिकेत कॅलिफोर्नियात सापडला. त्याला निपटून काढायला तिथल्या सरकारला बरीच वर्षे मोहीम चालवावी लागली. एवढा हा चिवट आहे.

मग करायचे काय? किडा बघून उपाय करायचा. सोंडकिड्याला ओलसर दाणा आवडतो. म्हणून धान्य कडक उन्हात वाळवा. दाणा दाताखाली कट्कन वाजला पाहिजे. कडधान्याची लवकर डाळ करून ठेवा. अख्खे ठेवायचे असेल, तर किलोला एक लहान चमचा खाण्याचे तेल चोळा. तांबडा भुंगेरा असेल, तर फुटके दाणे पाखडून काढा आणि पीठ लागेल तेवढेच दळा. खपऱ्यासाठी भिंतीच्या फटी लिंपा. जुनी पोती उलटी करून उन्हात तापवा. नव्या धान्यात जुने धान्य कधीही मिसळू नका. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा.

आता आमचे एक कळकळीचे सांगणे. काही लोक राहत्या घरात धान्यात विषारी गोळ्या टाकतात. त्या गोळ्यांतून वायू निघतो. तो जसा किड्याला मारतो, तसाच माणसालाही मारतो. अशाने झोपलेली माणसे दगावली आहेत. धान्य गेले तर पुन्हा पिकेल. माणूस परत येत नाही. त्या गोळ्या घरात आणूच नका. ते काम शिकलेल्या माणसाचे आहे.

बियाण्याची काळजी तर सगळ्यांत आधी. पोखरलेले बी पेरले तर उगवण कमी होते. पाऊस पडून जातो, शेत मोकळे राहते आणि दुबार पेरणीचा खर्च बसतो. म्हणून दर पंधरा दिवसांनी बियाण्याची मूठभर वानगी काढा. पांढऱ्या फडक्यावर पसरा. घरच्या बायामाणसांना आणि मुलांनाही जवळ बोलवा. सोंड आहे का? डोके दिसते का? पोटाचे टोक उघडे आहे का? अंगावर लव आहे का? हे चार प्रश्न विचारा. उत्तर त्या किड्याच्या अंगावरच लिहिलेले असते. आपण आता अक्षर वाचायला शिकलो. तसे हेही वाचायला शिकू.