टाळू भरण्याने न वळणारी डोकी

गंगापूरकडील घरांतून तान्ह्या मुलाची टाळू आजही तेलाने भरली जाते आणि न्हाऊ घालणारी बाई त्याचे डोके तळव्यांनी वळवते. या प्रथेची कुचेष्टा करण्याचे कारण नाही. प्रसूतीत दबून लांबट झालेले डोके बहुधा काही दिवसांत आपोआप गोल होते. एकाच कुशीवर निजून चपटी झालेली बाजूही कूस बदलल्याने पुष्कळशी सुधारते. श्रेय मात्र तेलाला मिळते, आणि घोटाळा होतो तो येथेच.

कारण काही डोकी वळवून वळत नाहीत. जन्मतः कवटीची हाडे सुटी असतात. त्यांमधले सांधे झपाट्याने वाढणाऱ्या मेंदूला वाट देतात. सुमारे दोन-अडीच हजार जन्मांमागे एका बालकात यांपैकी एखादा सांधा अकाली मिटतो. मग त्या सांध्याच्या आडव्या दिशेची वाढ खुंटते व कवटी दुसरीकडे वाढते, हे जर्मन वैद्य रुडॉल्फ विर्खो याने १८५१ मध्येच मांडले होते. माथ्यावरचा सांधा मिटला की डोके होडीसारखे लांबते. कपाळावरचा मिटला की कपाळ त्रिकोणी होते.

येथे इलाज शस्त्रक्रियेचाच. बालक तीन-चार महिन्यांच्या आत आले, तर दुर्बिणीच्या साह्याने लहान छेदांतून मिटलेली पट्टी काढता येते. पुढे काही महिने शिरस्त्राण घालावे लागते. उशीर झाला, तर कवटीची हाडे सुटी करून नव्याने जुळवावी लागतात, आणि रक्तही बहुधा द्यावे लागते. हा निव्वळ रूपाचा प्रश्न आहे, असे सुशिक्षितही म्हणतात. ते खरे नव्हे. काही मुलांत कवटीच्या आतील दाब वाढून दृष्टीला धोका पोहोचतो.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या मूळ यादीत जन्मजात दोषांची नऊ नावे होती. त्यांत दुभंगलेला ओठ होता, वाकडे पाऊल होते; मिटलेली कवटी नव्हती. आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत सहा वेळा जाते. तिला ही खूण शिकवावयास काय अडचण आहे? नुसत्या फितीने भागणार नाही. लांबट डोक्याचा घेर पुष्कळदा ठीकच भरतो. टाळू उघडी म्हणजे सारे सांधे उघडे, असेही नाही. डोके वरून पाहावे, सांध्यांवरून बोट फिरवावे. टणक कड लागली, तर मूल महिनाभर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञाकडे, गंगापूरहून घाटी रुग्णालयात, पाठवावे.

आणि रोज त्या डोक्यावरून हात फिरवणाऱ्या बाईलाही आशाने विचारावे : मधोमध कड लागते काय?