छप्पर मिळालं, पण टिकलं का?

दिल्लीत द्वारका सेक्टर १६-बी मध्ये झोपडपट्टीवासीयांसाठी सरकारी सदनिका आहेत. दिल्लीच्या २०१५च्या पुनर्वसन धोरणानुसार घर मिळवायला वस्तीत १ जानेवारी २०१५पूर्वी राहत असल्याचा पुरावा लागतो. शिवाय लाभार्थ्याने १ लाख १२ हजार रुपये भरायचे, देखभालीचे ३० हजार वेगळे. उड्डाणपुलाखाली झोपणारा माणूस या दारापर्यंत पोचतच नाही, मग तो माजी सैनिक असो की बिगारी. त्याच्या वाट्याला रैनबसेरा, म्हणजे रात्रनिवारा.

रैनबसेऱ्यात डोकी मोजली जातात: क्षमता किती, झोपले किती. तोच माणूस सहा महिन्यांनी कुठे आहे, हे त्यातून कळत नाही. खरी कसोटी मात्र तीच.

२०११च्या जनगणनेत दिल्लीत ४६,७२४ बेघर नोंदले गेले. त्यांत माजी सैनिक किती? जनगणनेच्या प्रश्नावलीत तसा रकानाच नव्हता.

अमेरिकेत जानेवारीतल्या एका रात्री बेघर मोजतात, माजी सैनिक वेगळे. २०१०मध्ये ते ७४,०८७ होते, २०२४मध्ये ३२,८८२. घरभाड्याला सरकारी मदत आणि जोडीला समाजसेवक, या योजनेला त्याचं बरंचसं श्रेय दिलं जातं. एका रात्रीच्या मोजणीतून काही जण सुटतातच, तरी कल स्पष्ट दिसतो.

आपल्याकडे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत माजी सैनिकांच्या नोंदी असतात. रैनबसेऱ्याच्या वहीत ‘सैन्यात होता का?’ एवढा एक रकाना वाढवा आणि दोन्ही नोंदी ताडून पाहा. याला वेगळा निधी लागत नाही.